कबनूरच्या कथेचा शेवट

कोल्हापूरला जाऊन पन्हाळा न पाहता परत आलो, हे नगरमध्ये कुणाला पटत नाही. "मग केलंत काय तिथे?" असं विचारतात. काय केलं ते लिहूनच ठेवतो. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. तोंडी सांगायला बसलो तर मी सोयीचं तेवढंच सांगेन, ही माझी जुनी खोड मला माहीत आहे.

आमच्या ख्रिस्ती समाजात कथा लिहिणारे थोडे आणि छापणारे त्याहून थोडे. मी एकवीस वर्षं एका मासिकाचा संपादक होतो. मासिक केव्हाच बंद पडलं, पण 'संपादकसाहेब' ही हाक मागे राहिली. त्या हाकेवर विसंबूनच कोल्हापूरहून दानिएल आवळे यांचा फोन आला. पस्तिशीचे, शाळेत शिक्षक, फोनवरही वर्गात बोलल्यासारखे मोठ्याने बोलणारे. "सर, आमच्याकडं लिहिणारी वीसेक माणसं हाईत. दोन दिवसांचं शिबिर घेतोय. ख्रिस्ती कथा कशी लिहावी, एवढं सांगा. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्हाळा दाखवतो."

मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र आठवण झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बाईंना मी चौतीस वर्षं टाळत होतो. त्या कबनूरच्या. कबनूर म्हणजे काही कोल्हापूर नव्हे, ते इचलकरंजीच्या बाजूला, अशी समजूत घालून मी पिशवी भरली.

पहिला दिवस : कोल्हापूर

नगरला रिक्षावाला आधी पत्ता विचारतो. कोल्हापुरात आधी गाव विचारतात, मग जेवण, पत्ता सर्वांत शेवटी. "कुठनं आलासा पावणं? नगर? मग मटण खाऊनच जावा. न्हाईतर आलासा कशाला एवढ्या लांब?" मी शिबिरासाठी आलो आहे म्हटल्यावर रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. "शिबिर व्हय? मग तर दोन येळा खावा."

दानिएल मला आधी मिसळ खायला घेऊन गेले. नगरलाही तिखट खातात, असा माझा समज होता. तो पहिल्या घासाला गेला. वर त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक वाटी कट ओतला. मला जी उचकी लागली ती शिबिराच्या सुरुवातीच्या प्रार्थनेपर्यंत थांबेना. पाळकसाहेब दोनदा थांबले, तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. शेवटी कुणीतरी म्हशीच्या दुधाचा भला मोठा पेला आणून दिला, वर बोटभर फेस. पाहुण्याचं दुखणं दुधाने बरं करायचं, ही इथली रीत मला आवडली.

सभागृह चर्चच्या मागच्या बाजूला होतं. जमलेल्यांत एक एसटी कंडक्टर, दोन शिक्षिका, एक बालवाडीच्या बाई, काही कॉलेजची मुलंमुली आणि स्नेहल नावाची तिशीतली परिचारिका होती. दानिएलनी प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सची पिन मारलेली पानं दिली. "आजोबांच्या ट्रंकेत हा नाताळ अंक सापडला. सरांनीच काढलेला. ख्रिस्ती कथा कशी असावी, तर अशी!"

पान मी लांबूनच ओळखलं. 'आमच्या भिंतीपलीकडे', लेखिका एस्तेर कांबळे, कबनूर.

कथा साधी होती. कबनूरमध्ये एका ख्रिस्ती शिक्षिकेचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणतो. भिंतीला भिंत लागून राहणारी हमीदा मागांसाठी घरी कांड्या भरते. म्हणजे लडीचं सूत रहाटावर फिरवून छोट्या नळ्यांवर गुंडाळते. ती काम टाकून दवाखान्यात शिक्षिकेजवळ बसते. छापलेल्या शेवटात शिक्षिका गुडघे टेकून प्रार्थना करते, मुलगा डोळे उघडून पाणी मागतो, आणि हे पाहून हमीदा म्हणते की आजपासून तुझा तारणारा तो माझा तारणारा. पुढच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा.

"सर, हा शेवट कसा साधलाय, ते जरा उलगडून सांगा," दानिएल म्हणाले.

आणि मी सांगितलं. चांगला अर्धा तास सांगितलं. आशा, विश्वास, कलाटणी असे शब्द फळ्यावर लिहिले. तेव्हा स्नेहलने हात वर केला.

"सर, शेवट मला पटला न्हाय. ही हमीदा आधी कबनूरची बाई वाटती. शेवटी एकदम आमच्या पाळकसाहेबांगत बोलाय लागती. हे तिचं बोलणंच न्हवं."

सगळे हसले. चौतीस वर्षांत हे कुणी पकडलं नव्हतं. मी म्हणालो, "भाव उंचावला की भाषाही उंचावते." समोरच्या वीस जणांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी दानिएलच्या घरी जेवण होतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. पांढरा रस्सा मी पहिल्यांदाच प्यालो. तिखटाने पोळलेल्या जिभेवर कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटलं. दानिएल म्हणाले, "एस्तेरबाईंनाही शिबिराला बोलावलं होतं. निवृत्त झाल्यात, कबनूरलाच असतात. फोनवर म्हणाल्या, ती कथा माझी न्हवं. आणि ठेवला फोन. वय झालं की असं व्हायचंच. स्वतः लिहिलेलं इसरतात."

मी वाटी खाली ठेवली. दानिएलच्या आईला वाटलं, मला तिखट लागलं.

दुसरा दिवस, सकाळ : फळ्यासमोर

सकाळी मी कालचे शब्द फळ्यावरून पुसले आणि सांगितलं, "या कथेची शेवटची दोन पानं एस्तेरबाईंची नाहीत. ती माझी आहेत. त्यांची पानं मी फाडून टाकली."

नाताळ अंक होता. मुखपृष्ठावर तारा होता, आणि आत कथेतला मुलगा मरत होता. आमच्यात साक्ष, म्हणजे देवाने आपल्याला कसं सावरलं ते, सांगायची एक ठरलेली रीत आहे. आधी अंधार, मग हाक, मग उजेड. रविवारी उभं राहून सांगितलेल्या इतक्या साक्षी आम्ही ऐकलेल्या असतात की गोष्ट त्या रीतीत बसली नाही की ती अर्धवट वाटते. कथेत मंडळीबाहेरचं, म्हणजे चर्चमध्ये न येणारं, चांगलं माणूस आलं, की शेवटापर्यंत त्याला पाण्यात उतरवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मी मुलाला उठवलं आणि हमीदाला बाप्तिस्मा दिला. एस्तेरबाईंना विचारलं नाही. मी त्यांच्यावर उपकारच करतो आहे, असं मला वाटत होतं.

अंक गेला आणि पंधरा दिवसांत कार्ड आलं. त्यातला मजकूर मला पाठ आहे. 'संपादकांस सलाम. अंक मिळाला. कथेतला मुलगा माझा आहे. तो उठला नाही. ते राहू द्या. पण हमीदा माझी खरी शेजारीण आहे. तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही. अंक तिच्या घरी पोचला आहे आणि तिला त्रास होत आहे. तो शेवट मी लिहिलेला नाही, एवढ्या दोन ओळी पुढच्या अंकात छापाव्यात.'

दोन ओळी छापायच्या म्हणजे शेवट संपादकाने बदलला, हे लिहावं लागणार होतं. पुढच्या अंकात जागा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या पुढच्या अंकाच्या वेळी काही सांगण्याचीही गरज वाटली नाही. एस्तेरबाईंची कथा पुन्हा आली नाही. आता छापायला मासिकही उरलेलं नाही. म्हणून ही पानं म्हणजेच त्या दोन ओळी, असं वाचणाऱ्याने समजावं.

मग मी जमेल तसं शिकवायला लागलो. ते इथेही लिहितो, कारण आमच्या मंडळ्यांतून लिहिणारे आहेत आणि त्यांना सांगणारं फारसं कुणी नाही.

शेवट आधी ठरवून कथेला बसू नका. प्रभूने दाखले सांगितले आणि कितीतरी दाखल्यांचा शेवट ऐकणाऱ्यांवर सोडला. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त घाई का असावी? प्रार्थना ऐकली गेली नाही असं घडलं असेल, तर ते तसंच लिहा. देवाची बाजू सावरायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही. बायबलचं वचन पात्राच्या तोंडी घालायचं असेल तर त्या वेळी त्या बाईचे हात कशात आहेत ते आधी बघा. हात पिठात असतील तर ती अर्धंच वचन म्हणेल, आणि ते अर्धंच खरं वाटेल. माणसाचं काम नीट माहीत करून घ्या. माग, दवाखाना, डेअरी, जे असेल ते. पाळक कथेत आला तर त्यालाही चुकू द्या. दुसऱ्या धर्माचा माणूस केवळ बदलण्यासाठी कथेत आणू नका. तो तुमच्या कथेत आला त्याच्या आधीपासून जगतो आहे. खऱ्या माणसाचं नाव वापरणार असाल, तर छापायच्या आधी त्याच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवा. आणि काल स्नेहलबाई म्हणाल्या ते कायम लक्षात ठेवा: माणसाची बोली मध्येच बदलली, की तिथे दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला असतो. काल मी फळ्याजवळ जे वाक्य सांगितलं ते खोडून टाका.

वीस जणांनी वह्या उघडून खोडलं.

कंडक्टर म्हणाला, "पण सर, आमचं वाचतंय कोण? मंडळीतलीच चार डोकी. कशाला लिवायचं?"

"त्या अंकाच्या मोजक्या प्रती निघाल्या होत्या," मी म्हणालो. "तरी त्यातली एक एका घरात पोचली आणि तिथल्या बाईला भोगावं लागलं. खोटं लिहिलेलं एवढं पोचतं, तर खरं लिहिलेलंही पोचेल. लिहा."

मला वाटलं, आता झालं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात स्नेहल उठली.

"सर, एस्तेरबाईंना भेटलासा का तुमी?"

"नाही."

"मग आमाला कशाला सांगतासा?"

दानिएल म्हणाले, "सर, पन्हाळा कुठं पळून जात न्हाय." आणि गाडीची किल्ली आणायला गेले.

दुसरा दिवस, दुपार : कबनूर

हातकणंगल्याच्या बाजूने निघालो. स्नेहलही मागच्या सीटवर येऊन बसली होती. उसाच्या ट्रॉल्या पुढे, आपण मागे. दोन्हीकडे तोडणीला आलेला ऊस आणि मध्येच गुऱ्हाळाचा गोड धूर. आमच्याकडे रान डोळ्याला लांबवर उघडं दिसतं. इथे ऊस भिंतीसारखा उभा, गाव अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. कबनूरही तसंच आलं, पण दिसण्याआधी कानाला कळलं. मागांची खडखड. दानिएल म्हणाले, "आता निम्मी झाली, सर. जुने माग लोकांनी भंगारात घातले. पहिलं इथं ओरडूनच बोलाय लागायचं." ते स्वतः अजून ओरडूनच बोलतात.

एस्तेरबाई दारातच उभ्या राहिल्या. पासष्टीच्या पुढच्या, काटक, चष्मा नाकावर खाली आलेला. मी नाव सांगितलं. त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"अंकातल्या फोटोत तुम्हाला दाढी होती."

"होती. बाई, मी तुमची माफी मागायला आलोय. तुमचा शेवट मी फाडला, आणि तुमच्या दोन ओळी छापल्या नाहीत."

"मला ठाऊक हाय ते. मीच कार्ड लिहिलं होतं." त्या दारातून हलल्या नाहीत. "माझा बाळू ऑगस्टात गेला. नाताळात अंक आला. उपासना झाली की बायका मला थांबवायच्या. बाई, कथा लई ग्वाड लिवलीय, पोरगं वाचलं बघा. मी म्हणायची, व्हय."

दानिएलनी मान खाली घातली.

"अंक आला की हमीदाला भेट द्यायचा, असं ठरवलं होतं मी. तिला वाचता येत न्हाय, म्हणून घरी जाऊन वाचून दाखवणार होते. त्याच्या आधीच बाजारातनं कुणीतरी तिच्या नवऱ्याच्या हातात अंक दिला. तुझी बायको बाटली म्हणून. तिच्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं. मी सांगाय गेले, ते मी लिहिलेलं न्हाय. तिचा नवरा म्हणाला, बाई, नाव तर तुमचंच हाय की वर." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तेव्हापासनं एका गल्लीत राहतो. बरं हाय का? बरं हाय. एवढंच."

"मी काय करू?" मी विचारलं.

"मला कशाला सांगताय? मी काय लिहिलं ते मला माहीत हाय. जिला माहीत न्हाय तिला सांगा." त्यांनी चपला घातल्या, खांद्याला पर्स अडकवली. "चला. नवरा गेला तिचा. आता दार लावणारं कुणी न्हाय, पण मी बी कधी आत गेले न्हाय."

जुनी भिंतीला भिंत असलेली घरं पाडून दोघींनी वेगवेगळी बांधली होती. आम्ही चार दारं चालून गेलो. सुनेने दार उघडलं. मी सवयीने "सलाम" म्हणालो. आमच्यात तीच रीत आहे, आणि नगरला त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिने मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हे कुठले पाहुणे, अशा नजरेने एस्तेरबाईंकडे पाहिलं. आतून आवाज आला, "कोण हाय गं?"

"मी हाय, हमीदा. एस्तेर."

आत पलंग करकरला. मग, "दारात का हुबी हाईस? ये की."

हमीदाभाभी पलंगावर बसल्या होत्या. गुडघ्यांनी धरलेल्या, पण आवाज खणखणीत. मी उभ्यानेच सांगितलं. मी कोण, कुठला, कुठला शेवट मी घातला, आणि एस्तेरबाईंनी खुलासा मागितला तेव्हा मी कसा गप्प बसलो. सून चहा ठेवायची विसरून दाराशी उभी राहिली. सांगून झाल्यावर हमीदाभाभींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या एस्तेरबाईंना म्हणाल्या,

"मग तू काय लिवलं हुतंस?"

एस्तेरबाई म्हणाल्या, "माझ्याकडं नक्कल न्हाय. शेवटचं ह्यांनीच वाचलंय. सांगू दे त्यांनाच."

मला ती पानं आठवत होती. फाडलेली असून आठवत होती, की फाडल्यामुळे, कुणास ठाऊक. मी सांगितलं: मुलाला पुरून आल्यावर घर गप्प झालं. भेटायला येणारे येऊन गेले, धीर देऊन गेले, वचनं सांगून गेले. मग एका दुपारी हमीदा आपला रहाट उचलून घेऊन आली आणि शिक्षिकेच्या घरात कांड्या भरत बसली. एक शब्द बोलली नाही. रोज दुपारी यायची, रहाट फिरत राहायचा. नवव्या का दहाव्या दिवशी शिक्षिका उठली आणि तिच्या हातात सुताची लडी दिली. तिथे कथा संपत होती.

हमीदाभाभी एस्तेरबाईंकडे वळल्या.

"हे लिवलं हुतंस?"

"व्हय."

"पर ते खरं न्हाय."

एस्तेरबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"रहाट मी माझ्या मनानं न्हवता आणला. मला कुठली एवढी अक्कल? सासूनं धाडलं. जैतूनबीनं. म्हणली, त्या घरात आवाज न्हाय ऱ्हायला. जा, तितं बसून भर."

"तुझ्या सासूनं?" एस्तेरबाईंचा आवाज चढला. "तिनंच तर तुला माझ्या दारात येऊ दिलं न्हाय!"

"ते मागनं. तुझं पुस्तक आल्यावर. म्हणली, मी सून धाडली, आन् ह्यांनी ती कागदावर पळवून नेली. मरंस्तवर म्हणत हुती."

मूळ कथेत जैतूनबी एका ओळीपुरती होती. 'सासू कोपऱ्यात बसून कुरकुरत होती', एवढीच. त्या ओळीला मी हात लावला नव्हता. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं, छापणाऱ्याला तर काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, त्या कधी गेल्या? अकरा वर्षं झाली, असं सुनेने सांगितलं. ज्या बाईची मी सर्वांत आधी माफी मागायला हवी होती, तिचं नाव मला आत्ता कळत होतं. मी तसं म्हणालो.

"तिचं तिकडं वर गेल्यावर बघा तुमी," हमीदाभाभी म्हणाल्या. "आता खाली बसा. म्हातारं मानूस, कवाधरनं हुबं ऱ्हायलाय. ए, च्या टाक की गं. शक्कर जास्त घाल."

मी बसलो. खारी आली, चहा आला. स्नेहल हमीदाभाभींच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली. एस्तेरबाईंनी मात्र कपाला हात लावला नाही.

"हमीदा, सासू तुला जा म्हणाली, तवा तू काय करत होतीस?"

"काय करनार? भाकरी थापत हुते."

"आणि ती कुठं बसलेली?"

"उंबऱ्यावर. तांदूळ निवडत. का गं?"

"नुसती म्हणाली, का हात धरून उठवलं तुला?"

"हात कशाला धरंल? हाक मारली. बिगी उठ, भाकरी मी बगतो म्हणली. तिच्या आयुष्यात तिनं माझी भाकरी बगितल्याली ती येकच येळ." हमीदाभाभी हसल्या, मग एकदम थांबल्या. "एवढं इचारतीस कशाला? लिवनार हाईस काय पुन्हा?"

एस्तेरबाईंनी पर्समधून एक लहान डायरी काढली. मी खिशातलं पेन पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं आणि पर्समधून स्वतःचं काढलं.

"तुला वाचून दाखवीन आधी," त्या हमीदाभाभींना म्हणाल्या. "मग कुणाला छापाय द्यायचं, ते तूच सांग."

हमीदाभाभींनी बशीतला चहा फुंकला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यांना सोडून कुणालाबी दे."

सगळे हसले. एस्तेरबाईसुद्धा. मीही हसलो, आणि मान डोलावली.